दीड हाताचा बांध आणि तो न घेणारा भाऊ

मी, मार्तंड आसाराम तांगडे, वय चौऱ्याहत्तर, राहणार केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय ही शेवटची इच्छा लिहितो. दबाव आणायला जो येईल त्याला आधी माझं भाषण ऐकावं लागतं, म्हणून कोणी आलं नाही.

कलम १. घर, वावर आणि माझ्यामागे उरेल ते सारं पत्नी प्रेमला हिला. पुस्तकांची तीन कपाटंही तिचीच. तिनं रद्दीत घातली तरी हरकत नाही, धूळ तिनंच पुसली आहे. फक्त पेन्सिलीच्या खुणांचं बायबल माझ्या शवपेटीत ठेवावं.

त्या खुणांचा खुलासा करतो. अकरा वर्षांपूर्वी भोकरदनच्या बाजारात ‘येशूची चूक’ या विषयावर माझं व्याख्यान ठरलं होतं. शत्रूवर प्रीती करा म्हणणाऱ्याला शेत नव्हतं, शेताला बांध नव्हता आणि बांधापलीकडे भाऊ नव्हता, एवढाच मुद्दा. खोडून काढायला हेच बायबल उघडलं आणि चूक दिसेल तिथं पेन्सिलीनं खूण करत गेलो. मी प्रश्नांवर प्रश्न टाकत होतो, तो गप्प. माझ्यापुढं इतका वेळ गप्प राहून टिकलेला तो पहिलाच. चौथ्या दिवशी माझा आवाज बसला आणि त्या शांततेत मला कळलं की खोलीत मी एकटा नाही. माझं सगळं माहीत असूनही कोणीतरी मला सोडून गेलं नव्हतं. तोवर देव हा माझ्या सभेचा विषय होता. त्या दिवसापासून मी त्याच्याशी अरेतुरे बोलतो. लोक म्हणाले, मार्तंडनं धर्म बदलला. मला विचाराल तर त्यानं मलाच उलटं करून धुतलं.

कलम २. ज्या कर्ण्यावरून मी दर शनिवारी बाजारात सख्ख्या भावाच्या नावानं आग ओकली, तो मंडपवाल्या बद्रीनाथला. माझ्या दफनाला तो वाजवू नये.

कलम ३. गट नंबर एकशेबारामधला वादातला दीड हात रुंदीचा बांध, त्यावरच्या शेवग्यासह, थोरले बंधू भुजंगदादा यांना.

हा बांध मी अकरा वर्षं भांडून कोर्टात जिंकला आणि दोनच महिन्यांनी वरची घटना घडली. मी दादांच्या दारात जाऊन म्हणालो, बांध तुमचा. त्यांनी दार लावलं आणि वरच्या कोर्टात अपील केलं. तिथं मी उभा राहून सांगितलं की अपील करणाऱ्याचं म्हणणं बराबर आहे. यावर दादा उठले आणि शपथेवर म्हणाले, साहेब, हा खोटं बोलून राह्यला, बांध याचाच आहे. न्यायाधीशांनी पाणी मागवलं आणि बांध माझ्याच नावावर ठेवला. दादांना बांध हवा होता, पण माझ्यावर मात करून. फुकट मिळणारी वस्तू त्यांना शिवीसारखी लागली. मी त्यांना हसू शकत नाही. देवानं क्षमा पुढं केली तेव्हा मीही चार दिवस हुज्जतच घातली होती.

या बावीस वर्षांत प्रेमला आणि उषावहिनी शेवग्याच्या शेंगा निम्म्या-निम्म्या वाटून घेत आल्या, हे दोघा भावांना मागच्या आठवड्यात कळलं.

कलम ४. मला जालन्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरावं. पहिली मूठ माती दादांनी टाकावी आणि ती बांधाची असावी, म्हणजे तेवढा तरी बांध त्यांच्या हातात येईल.

कलम ५. हे कलम आयत्या वेळी वाढवलं. कर्ण्याचं कलम दाखवलं तर बद्रीनाथनं पुढचंही वाचलं. त्याच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे तिसरं कलम दादांपर्यंत पोचलं. आज सकाळी ते बावीस वर्षांनी माझ्या ओसरीवर आले, बांध घेणार नाही हे सांगायला. आमचे वकील देवानंद यांनी त्यांना कायदा सांगितला: मृत्युपत्र करणारा ख्रिस्ती असेल आणि ज्याला मिळकत मिळायची त्यानंच साक्षीदार म्हणून सही केली, तर सही चालते, पण त्याला मिळायची मिळकत जाते.

“मंग आण पेन,” दादा म्हणाले.

देवानंद म्हणाले, पण हे ख्रिस्ती आहेत हे तुम्हाला मान्य आहे का? तुम्ही तर गावभर सांगता की हे सोंग आहे.

 प्रेमलेनं चहा ठेवला. तो दादांनी घेतला आणि मग कागद ओढला. त्यांची साक्ष त्यांच्याच शब्दांत खाली आहे. बांध आता पहिल्या कलमानुसार प्रेमलेकडं जाईल. शेंगांची वाटणी पूर्वीसारखीच चालू राहावी.

ठिकाण: केदारखेडा. दिनांक: १७ फेब्रुवारी २०२४.

सही: मार्तंड आसाराम तांगडे

साक्षीदार १: देवानंद, वकील

साक्षीदार २: मी भुजंग आसाराम तांगडे लिहून देतो की माझा भाऊ खरंच ख्रिस्ती हाये. पहिले हा मला कर्ण्यावरून शिव्या द्यायचा. अकरा वर्षं झाले, मी शिव्या देतो अन् हा तब्येत विचारतो. सोंग इतके दिवस टिकत न्हाई. मी लई वाट पाहून पाह्यली. बांध मला नको. बांधाची माती बी टाकणार न्हाई. माझ्या वावरातली टाकीन. ती त्यानं गुमान घ्यावी.