हात न लावायचा तुकडा

भाईंदर पूर्व
भाद्रपद, शुक्रवार

तीर्थरूप कृष्णाबायच्या पायी धाकट्या जानूचा दंडवत.

तुझा गुडघा कसा आहे? चौकला समुद्राचं वारं फार, संध्याकाळी ओट्यावर बसताना पायावर काहीतरी घेत जा. इकडे आम्ही दोघं ठीक. सावित्रीचा रक्तदाब ताब्यात आहे. माझा तितकासा नाही, पण ते मी तिला सांगितलेलं नाही. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला ‘बरं, ठेव आता’ म्हणतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते निदान विसाव्या वाक्याच्या पुढे आहे. म्हणून पत्र. चष्मा लावून सावकाश वाच.

तुझा भाऊ त्र्याहत्तराव्या वर्षी उमेदवारीला लागला आहे. (हल्ली तिला इंटर्नशिप म्हणतात.) वरसाव्याच्या वरच्या अंगाला जे राखीव जंगल आहे, तिथे मूळची, आपल्या मातीतली झाडंझुडपं किती उरली आणि बाहेरून आलेल्या रानमोडीने आणि घाणेरीने किती जागा बळकावली, याची एक संस्था नोंद ठेवते. परागच्या मुलीने, माझ्या नातीने शिवांगीने, पुण्यात बसून मोबाइलवर माझा अर्ज भरला. अर्जात वयाची खालची अट होती, वरची नव्हती. त्यांना बहुधा सुचलंच नसावं. पहिल्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला विचारलं, नातवाला सोडायला आलात का? मी म्हटलं, नाही, मीच आलोय. तो बराच वेळ माझ्याकडे आणि माझ्या डब्याच्या पिशवीकडे बघत राहिला.

काम ऐकायला सोपं आहे. पांढऱ्या पाइपची एक मीटर लांब-रुंद चौकट जमिनीवर ठेवायची, आत काय काय उगवलं आहे ते मोजायचं, फोटो काढायचा, वहीत लिहायचं. बाकी उमेदवार विशीतले आहेत आणि त्यांना झाडांची लॅटिन नावं येतात. मला ती येत नाहीत, पण कुडा, ऐन, भारंगी, करवंद ही मंडळी मला चेहऱ्याने ओळखतात. भावेश म्हणून एक गुजराती मुलगा आहे, तो मला आधी ‘अंकल’ म्हणायचा, पण मी पावलोपावली थांबून शाळेतल्या कविता म्हणू लागल्यापासून ‘कविराज’ म्हणतो. (त्या कविता मी केलेल्या नाहीत असं मी त्याला चारदा सांगितलं. तो म्हणतो, चालेगा.) माझं काय होतं, बाय, की जंगलात गेलं की मला चौथीचा वर्ग दिसतो. पाटीचा वास येतो. गुरुजी खिडकीतून बाहेर बघत ओळ सोडून द्यायचे आणि आम्ही सगळे ती पुरी करायचो. आता ओळ सोडणारंही कोणी नाही आणि पुरी करणाराही मी एकटाच, म्हणून मोठ्याने म्हणतो.

या सगळ्या कामाची मुख्य हेमांगी. वय सव्वीस, वजन माझ्या निम्मं, आणि रागावली की अगदी हळू बोलते. तिने उतारावर दोन तुकडे आखले आहेत. एकातली रानमोडी दर महिन्याला उपटायची. दुसऱ्याला कोणी हात लावायचा नाही, काय वाट्टेल ते उगवू दे. तीन वर्षं दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे, आणि मग वनखात्याच्या वरच्या साहेबांना दाखवायचं की बघा, उपटलं तर आपली रोपं परत येतात, नाही उपटलं तर गुदमरतात. ते पटलं तरच सगळा उतार मोकळा करायची परवानगी मिळेल. या भाद्रपदापर्यंत पस्तीस महिने झाले होते. छत्तिसावा बाकी होता. साहेब येत्या गुरुवारी येणार आहेत. आणि तो हात न लावायचा तुकडा, त्याची शेवटची नोंद करण्यासाठी, हेमांगीने मंगळवारी मला सोपवला. म्हणाली, काका, तुमचा हात स्थिर आहे.

आता मंगळवारचं सांगतो. सकाळी नऊची वेळ. चौकट ठेवली, दगडावर बसलो. समोर रानमोडी कमरेएवढी. खाली ओली माती, तिचा तो वास. आणि मला आपलं खाडीजवळचं खाचर आठवलं, जिथे आता सात मजल्यांची बिल्डिंग आणि खाली टाइल्सचं दुकान आहे. श्रावणातली बेणणी आठवली. तू पुढे, मी तुझ्या मागे, भातात वाकून तण उपटत. माझ्या हातात चुकून भाताचं रोप आलं की मागे न बघता तू धपाटा घालायचीस. तुला ते कसं कळायचं, हे मला अजून कळलेलं नाही. तर ते आठवता आठवता मला ढगांवरची एक जुनी कविता आठवू लागली. पहिलं कडवं आलं, दुसरं आलं, तिसरं काही केल्या येईना. मी डोळे अर्धवट मिटून ते शोधत होतो. शेवटी सापडलं. मला इतका आनंद झाला की मी डोळे उघडले.

तुकडा साफ होता, बाय. आपल्या अंगणासारखा. एक रानमोडी नाही, एक घाणेरी नाही. (कुड्याची आणि ऐनाची रोपं तेवढी जागच्या जागी उभी होती, धपाट्याच्या भीतीने असेल.) आणि उपटलेलं सगळं तण, मुळांची माती झटकून, मुळं वर करून, कडेला ओळीने लावून ठेवलेलं. परत रुजू नये म्हणून आपण बांधावर ठेवायचो तसं. हात माझेच होते, नखांत माती होती. पण त्यांनी मला विचारलं नव्हतं.

मी घरी आलो आणि जेवलो नाही. बुधवारी भावेशने तो तुकडा पाहिला आणि ओरडत आला. कोणी केलं, असं सगळे विचारू लागले. मी म्हटलं, रानडुक्कर असेल. बाय, आयुष्यात मी फार थोड्या वेळा खोटं बोललोय, त्यामुळे सराव नाही, पण हे इतकं सहज निघालं की मलाच ते पटलं. भावेश त्या तणाच्या रांगेकडे बघून म्हणाला, ‘कविराज, ये तो बडा सलीकेवाला सुवर है.’ आणि त्या टापटीप, सलीकेवाल्या डुकराचा फोटो मिळावा म्हणून त्याने समोरच्या ऐनाला कॅमेरा बांधला.  हेमांगी त्या तुकड्याजवळ बसली आणि उघड्या मातीवर तळहात ठेवून राहिली, जसं आपण तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतो. मला ते बघवलं नाही. मी डब्याची पिशवी उगाच उघडून बंद केली.

असो. तुला हे वाचून वाईट वाटेल, म्हणून इथेच थांबतो. औषधं वेळेवर घे.

तुझा धाकटा,
जानू

ता. क. बाय, पत्र लिहायचं खरं कारण हे. तुझ्या घरामागची जमीन बरीच वर्षं पडीक आहे आणि तिथे रानमोडी माजली आहे, हे मला ठाऊक आहे. त्यातली चाळीस रोपं, मुळांसकट, मातीच्या गोळ्यासकट, ओल्या गोणपाटात बांधून, उद्या शनिवारी हे पत्र घेऊन येणाऱ्या रिक्षावाल्याबरोबरच पाठव. फुलं आलेली नकोत. तीन-चार घाणेरीही घाल, नाहीतर खरं वाटणार नाही. रविवारी जंगलात कोणी नसतं. मी जाऊन ती पुन्हा लावून टाकीन. कॅमेऱ्यावर माझी टोपी घालीन.

ता. क. दुसरं. (सोमवार. पत्र पाकिटात घालून खिशात ठेवलं होतं, रिक्षावाल्याला द्यायचं राहिलं.) रोपं पाठवू नकोस. आज सकाळी हेमांगी साहेबांसाठी अहवाल लिहीत होती. तिचं अक्षर फार सुरेख आहे. पस्तीस महिन्यांच्या नोंदींखाली ती लिहिणार होती की रानडुकरांनी नुकसान केलं. तिने ‘रान’ लिहिलं होतं, पुढे पेन टेकलं होतं. मी म्हटलं, ‘हेमांगी, थांब. ते डुक्कर मी आहे.’

भावेश हसला, मग हसायचा थांबला.  हेमांगी जीपच्या मागे जाऊन तासभर उभी राहिली. परत आली तेव्हा डोळे धुतलेले होते. तिने ‘रान’ खोडलं आणि लिहिलं: नोंद घेणाऱ्याच्या हातून तण निघालं. मग अगदी हळू म्हणाली, ‘काका, उद्या येताना हात घरी ठेवून या.’ मला वाटलं, काढून टाकलं. पण ती ‘उद्या येताना’ म्हणाली होती, हे मला बसमध्ये लक्षात आलं.

ता. क. तिसरं. (गुरुवार.) साहेब येऊन गेले. पस्तीस महिन्यांचे फोटो त्यांनी नीट बघितले, छत्तिसावा विचारला, हेमांगीने खरं ते सांगितलं. परवानगी मिळाली, पण अर्ध्या उतारापुरती. उरलेल्या अर्ध्यासाठी हात न लावायचा तुकडा नव्याने आखून परत तीन वर्षं दाखवा म्हणाले. तो अर्धा उतार माझ्यामुळे अडकला, बाय. घाणेरी कुड्यावर चढलेली मला इथून, खिडकीतूनसुद्धा दिसते. तर त्या नव्या तुकड्यावर दर आठवड्याला लक्ष ठेवायला माणूस हवा होता. मुलांच्या परीक्षा असतात, नोकऱ्या लागतात. मी नाव दिलं. हेमांगीने माझ्या हातांकडे बघितलं, मग वहीत लिहिलं.

आता अडचण एवढीच, की दिवाळीनंतर हे घर विकून आम्ही परागकडे पुण्याला कायमचे जायचं ठरलेलं आहे. सावित्रीने भांडी बांधायला काढली आहेत. ती माझं ऐकायची नाही, तुझं ऐकते. तेव्हा येत्या मंगळवारी सकाळी तू तिला फोन कर आणि तीन वर्षांचं सांग. नऊनंतर कर. मी तेव्हा उतारावर असेन, तिथे रेंज नसते.