शाळेपर्यंत पायी

३ फेब्रुवारी, सोमवार
परदेशातल्या या भारतीय शाळेत शिकवायला रुजू होऊन पंधरवडा झाला. आज सौ.शी फोनवर तह झाला. माझी शुगर वाढलेली, आणि इथे रांधणारा मीच, वाढणारा मीच, त्यामुळे पुरे म्हणणारं कुणी नाही. सौ.ची अट अशी: महिनाभर घर ते शाळा रोज पायी जायचं आणि वाटेतून रोज एक फोटो पाठवायचा. जमलं तर ती बिनपगारी रजा काढून इथे येणार. नाही जमलं तर तुमची दुखणी काढायला मी समुद्र ओलांडून येणार नाही, म्हणाली.
एवढंच ना? मान्य. संध्याकाळी घर कसं खायला उठतं, ते तिला सांगितलं नाही. पांढरेशुभ्र बूट आणले.

४ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
निघालो!

त्याच दिवशी, दुपारी
पोचलो. शाळा पश्चिमेला, त्यामुळे जाताना ऊन पाठीवर. इथलं ऊन सकाळी सातलाच दुपारची ड्यूटी सुरू करतं. कालव्याच्या पुलापर्यंत शर्ट अंगाला चिकटला. टायरवाल्याच्या दुकानाशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण चाललो. फोटो पाठवला, सौ.चा अंगठा आला.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आपलं तसं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
पुलाशी भाड्याने माणसं नेणाऱ्या एका स्कूटरवाल्याने शिट्टी मारली. हातानेच विचारलं, बसता का? त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला नाही. अशा वेळी नकार उद्धट दिसतो. परक्या देशात आपण आपल्या देशाचं नाव राखायला हवं. त्याने दिलेलं हेल्मेट घातलं, बसलो. पुलापर्यंत तर चाललोच होतो.
फोटो मागच्या सीटवरून काढला. रस्ता तोच, ऊन तेच. फोटोला काय कळतंय?

७ फेब्रुवारी
शिट्टी (हेच नाव ठेवलंय त्याचं) आता थेट दाराशी येतो. पुलापर्यंतचं चालणं बुडतं, पण तीन मजले उतरतोच की. जिना म्हणजे चालण्याचा अर्क. शाळेच्या अलीकडच्या वळणावर उतरतो, बाटलीतलं पाणी कपाळावर शिंपडतो आणि फाटकातून झपझप आत शिरतो. हे शेवटचं चालणं अगदी कसोशीने करतो.

१२ फेब्रुवारी
मुख्याध्यापिकाबाईंनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे माझं कौतुक केलं. विज्ञानाचे नवे सर एवढ्या उन्हात पायी येतात, म्हणाल्या. टाळ्या. मी खुलासा करणार होतो, पण मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडू नये.
मधल्या सुट्टीत भूगोलाच्या बाईंनी विचारलं, रोज चालता तर बूट इतके पांढरे कसे? म्हटलं, पाऊल उचलून टाकायचं असतं, फरफटत न्यायचं नसतं. बाई स्वतःच्या चपलांकडे बघत राहिल्या. चांगल्या सवयी अशाच पसरतात.

१८ फेब्रुवारी
सातवीला 'प्रकाश आणि सावली' शिकवलं. मुलांना मैदानात उभं केलं. सूर्य पाठीशी तर सावली पुढे. सकाळी लांब, दुपारी आखूड. आणि सावली कधी खोटं बोलत नाही! हे शेवटचं वाक्य पुस्तकात नाही, माझं स्वतःचं. तास रंगला.

२१ फेब्रुवारी
औषधांच्या दुकानात वजन केलं. दोन किलो वाढलंय. चालून चालून स्नायू जड होतात, ते हेच. आणि थोडा दोष शिट्टीचा. रोज बेकरीपाशी थांबतो, दोन गोड पाव घेतो. मैत्रीत एकाने खायचं आणि दुसऱ्याने बघत बसायचं, हे मला पटत नाही.

२७ फेब्रुवारी
शिट्टी आलाच नाही. दारात उभा राहून राहून पाय दुखले. दुखऱ्या पायांनी एवढं अंतर चालणं धोक्याचं, म्हणून शाळेत रजा कळवली. सौ.ला शिल्लक फोटोंपैकी एक पाठवला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

४ मार्च
महिना पुरा! सौ.चा फोन आला. रजा मंजूर झाली, शनिवारी पोचते म्हणाली. फोन ठेवला आणि खोलीत एकटाच नाचलो. मग डोळे भरून आले. फार दिवस घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नाही.
उद्यापासून मात्र खरंच चालायचं. ती आल्यावर दम लागलेला दिसायला नको.

५ मार्च
शिट्टीने खालून हॉर्न वाजवला. त्याचं मन मोडवेना.

९ मार्च, रविवार
सौ. काल आली. प्रवासाबद्दल बोलली, शेजाऱ्यांबद्दल बोलली, आणि बोलता बोलता माझ्या पोटाकडे बघत राहिली. मी पोट आत ओढून बसलो.
आज चहा झाल्यावर तिने फोन पुढे ठेवला. माझेच फोटो. दोन बोटांनी एक मोठा केला. रस्त्यावर लांबलचक सावली: दोन डोकी, दोन्हींवर हेल्मेट, खाली चाकं. पुढचा कोण ते माहीत नाही, म्हणाली, पण मागचं पोट आपल्याच घरचं आहे.
सौ. इस्पितळात एक्स-रे काढते. काळ्या-करड्या सावल्या वाचण्यात तिचा जन्म गेला. आणि मी महिनाभर तिला सावल्याच पाठवत होतो!
दुसऱ्याच दिवसाच्या फोटोपासून तिला ठाऊक होतं. मग आलीस कशाला, विचारलं. म्हणाली, जो माणूस महिनाभर एकही दिवस न चुकता खोटं बोलू शकतो, तो न चुकता चालूही शकतो. फक्त मागे कुणीतरी हवं. आणि तुमच्याशिवाय मलाही करमत नव्हतं, हे चहाचे कप विसळताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली.
मी उद्यापासून चालणारच होतो, हे तिला पुन्हा पुन्हा सांगितलं.

१० मार्च, सोमवार
शिट्टी आला. सौ.ने त्याच्याशी हातवारे केले. महिन्याभरात मला जमलं नाही ते दोन मिनिटांत जमवलं. हेल्मेट घातलं, माझी बॅग मांडीवर घेतली आणि मागच्या सीटवर बसली. मी पुढे पायी, माझ्या मागे स्कूटर गोगलगायीच्या चालीने. बेकरीपाशी थांबलो, तर मागून हॉर्न. टायरवाला दुकानाबाहेर येऊन बघत होता.
शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा कपाळावर शिंपडायला पाणी लागलं नाही. बूट मळले. सौ.ने मागून काढलेला फोटो दाखवला: रस्त्यावर माझी एकट्याची सावली, सडपातळ, अगदी ऐन पंचविशीतली. म्हटलं, बघ, एका दिवसात केवढा फरक!
सकाळी सगळ्यांच्याच सावल्या लांब पडतात, म्हणाली, तुम्हीच शिकवता ना?
शिट्टीला मराठी येत नाही. तरी तो हसला.