सुयांची कॅसेट

व्हिटबी,
४ मार्च १९७९

चि. सौ. आयरिस हिस,
एनिडचे अ. आ.

इकडे प्रभुकृपेने सर्व ठीक. सिरिलचा खोकला हटत नाही, पण रविवारचे प्रवचन काही चुकवत नाहीत.

तुझे पत्र दोनदा वाचले. वकिलाची नोटीस, आणि तीही आपल्या घरात! त्या 'कॉपर मेरिडियन' बँडच्या मैफली तुझ्या यजमानांनी परवानगीवाचून टेप केल्या, म्हणून सगळ्या कॅसेट वीस तारखेच्या आत रेकॉर्ड कंपनीच्या हवाली करा, त्या पुसून टाकल्या जातील, असे ते म्हणतात ना? मग विचार कसला करतेस? देऊन टाका. चोरी करू नको, ही आज्ञा आपण दोघींनी एकाच बाकावर बसून पाठ केली आहे. रेजना म्हणावे, इतकी वर्षे चिनीमातीच्या भट्टीवर मान खाली घालून काम केलेत, आता पन्नाशीत त्या केसाळ पोरांपायी कोर्टाची पायरी चढणार का? वीस-वीस मिनिटांचे एकेक गाणे! तेवढ्यात माझे बटाटे सोलून, शिजून, खाऊन होतात.

सिरिल म्हणाले की आयरिस समजूतदार आहे, ऐकेल. तुला मी त्यांच्याहून जास्त वर्षे ओळखते.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
एनिड


बर्स्लेम,
९ मार्च १९७९

ती. एनिडताईस,
आयरिसचा सा. न. वि. वि.

कॅसेट देणार नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचे तू निवांत वाचशील.

मंगळवारी रेजनी चारही खोकी दाराशी आणून ठेवली. चेहरा असा, की घरातून कुणाची तरी शवपेटी निघायची आहे. मी एकेक खोके परत वर नेले आणि त्यांना बजावले की पुन्हा खाली आणलीत तर आपला चहा आपण करून प्यायचा. तेव्हापासून खोकी पलंगाखाली आहेत.

चोरी म्हणतेस, ताई? रेजनी आजवर एकही कॅसेट विकलेली नाही. ज्याला नक्कल हवी त्याने एक कोरी कॅसेट आणि परतीची टपाल-तिकिटे पाठवायची, हा या कॅसेटवेड्या लोकांचा नियम. ग्लासगोच्या एका गृहस्थांना तर आम्ही नुसत्या अक्षरावरून ओळखतो. मँचेस्टरच्या बाजारात कुणीतरी तो नियम मोडून नकला विकल्या, एका नकलेवर रेजचे अक्षर निघाले, आणि नोटीस आमच्या दारात. विकणारा मोकळा!

बहात्तरच्या फेब्रुवारीतली हॅन्लीची मैफल आठवते? तू आमच्याकडे आली होतीस. ऑर्गन वाजणार आहे एवढे ऐकून चॅपेलची टोपी घालून निघालीस. टेपरेकॉर्डर तुझ्याच लोकरीच्या पिशवीत दडवला होता, हे घरी आल्यावर कळले, आणि दोन दिवस तू रेजशी बोलली नाहीस. खाणकामगारांचा संप होता, ऐन मैफलीत वीज गेली. ऑर्गन मुका, सगळे मुके. मग त्या चौघांनी अंधारात एक साधी गिटार आणि ढोल घेऊन अख्खे गाणे वाजवले, आणि सभागृह हळूहळू त्यांच्यामागे गाऊ लागले. तसे ते पुन्हा कधी वाजले नाही. खुद्द कंपनीकडेही ते नाही, कारण त्यांची यंत्रे विजेवरची. आमचे बॅटरीवरचे.

सगळ्या देशात तिला सुयांची कॅसेट म्हणतात. अंधारातसुद्धा तू विणत बसली होतीस ना, ती टिकटिक सबंध ऐकू येते. टिकटिक असली तर ती अस्सल, असे हे लोक धरतात. पण ताई, नवव्या मिनिटाला तुझ्या सुया थांबतात. चार मिनिटे एक टिकही नाही. सात वर्षे विचारायचे राहिले, आज विचारते. का थांबल्या?

आणि हे मी पुसू देऊ? रोज गुडघे टेकून प्रार्थना करते, पण कॅसेट द्यायची बुद्धी काही देव मला देत नाही.

सिरिलभावजींना नमस्कार. तुझी माया आहे, म्हणून एवढे तोंड चालवते.
तुझी,
आयरिस


व्हिटबी,
१४ मार्च १९७९

चि. सौ. आयरिस हिस,
अ. आ.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: मी ऐकत होते.

ती पोरे अंधारात गाऊ लागली तेव्हा बाबांना अखेरचा निरोप देताना चॅपेलमध्ये सगळे वाद्यावाचून गायले होते, ते आठवले. हात हलेनात. हे कुणाला सांगितले नव्हते, परवा सिरिलना सांगितले. ते म्हणाले की त्या रात्री विणत होतीस तो स्वेटर सात वर्षे मी अंगात घालतो आहे, त्याच्या पाठीवर एक ओळ सैल का, ते आज समजले.

चोरीवरून आमचा वाद झाला. मी म्हटले की यंत्र माझ्या पिशवीतून आत गेले, तेव्हा पहिली चोर मीच, मलाच आधी धरा. सिरिल खोकत बसले.

कंपनीच्या वकिलाला मी काल पत्र टाकले. त्यात कळवले आहे की त्या कॅसेटवर वाजणाऱ्या सुया माझ्या आहेत, त्यांचा आवाज मी कुणा कंपनीला दिलेला नाही, आणि तो पुसायला माझी परवानगी नाही. कोर्टात बोलावलेत तर येईन. तीच टोपी घालून येईन आणि विणकामही आणीन. रेजना म्हणावे, आता मान वर करा.

वीस तारखेला मी तुमच्याकडे येते. खोकी पलंगाखालून हलवू नकोस.

सोबत एक कोरी कॅसेट आणि परतीची तिकिटे ठेवली आहेत. नियम म्हणजे नियम.

तुझ्या हट्टासकट तुझ्यावर लोभ असणारी,
एनिड