बर्फावर धाकटा

३ जून
आले बाई एकदाची! जहाजाची शिडी चढताना गुडघ्यांनी बोंब मारली, पण वर पोचून स्वयंपाकघर पाहिलं आणि जीव खूश झाला. शेगडीला चारी बाजूंनी दांडे, कपाटांना कड्या, म्हणजे जहाज कितीही हिंदकळलं तरी भांडी जागची हलायची नाहीत. इतकी वर्षं कँटीनमध्ये राबले, पण एवढं नीटनेटकं कोणी हातात दिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत शास्त्रज्ञ काय, खलाशी काय, सगळे मला मावशी म्हणायला लागले. एकाने तर तिसऱ्यांदा सूप मागितलं.

मी का आले ते फक्त कप्तानाला ठाऊक आहे. माझा धाकटा याच जहाजावर बर्फाचे नमुने काढायला यायचा. दोन वर्षांपूर्वी पायाखालचा बर्फ फुटला आणि तो गेला. सापडलासुद्धा नाही. ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, पोटभर रडायचं आणि घरी परतायचं. माझी थोरली, ताई, पोटुशी आहे. बाळंतपणाला मी हवीच असं तिने बजावलंय, आणि ताईने बजावलं म्हणजे बजावलं.

९ जून
आज बर्फ लागला. मला आपलं वाटायचं, जहाज बर्फ कापत जात असेल. तसं नाही. ते नाक वर करून बर्फावर चढतं आणि त्याच्या वजनाखाली बर्फ मोडतो. आवाज असा की माझ्या हातातला डाव खाली पडला. अस्वलांवर नजर ठेवायला एक पहारेकरी आहे, साधारण माझ्याच वयाचा. त्याने माझी यथेच्छ चेष्टा केली, मीही त्याच्या टकलाला सोडलं नाही. इथे सूर्य मावळतच नाही. पडदे ओढून झोपायचं.

१३ जून
जहाज बर्फाला बांधून थांबलंय. शास्त्रज्ञांनी जहाजापासून पार लांबपर्यंत सरळ रेषेत लाल झेंडे रोवलेत. पहारेकरी म्हणाला, सगळंच पांढरं असलं की अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून झेंड्यांवरून ठरवायचं.

धाकटा गेला तो इथेच कुठेतरी. दुपारी डेकवर उभी राहून रडले. डोळे पुसून पाहते तर शेवटच्या झेंड्यापाशी कोणीतरी उभं. नखाएवढं दिसत होतं, पण उभं राहायची ढब, तो एक पडलेला खांदा... पहारेकऱ्याने दुर्बीण लावली आणि कोणी नाही म्हणाला. मी दुर्बीण हिसकावून घेतली. धाकटाच. दाढी वाढलेली, घरून निघाला होता तस्साच.

१४ जून
दोन झेंडे जवळ आलाय. स्वतःला चांगलं झापलं. मेलेलं माणूस चालत येत नसतं, डोकं ठिकाणावर ठेव. तरी अंडी उकडत टाकून पुन्हा पुन्हा वर जात राहिले. सगळी अंडी फुटली.

१६ जून
काहीतरी चुकतंय. निम्मे झेंडे मागे टाकले त्याने, तरी नखाएवढाच. माणूस जवळ आलं की मोठं दिसायला नको का? दुर्बीण लावली. दाढी नाही. मिसरूडसुद्धा नाही. शाळेची अर्धी चड्डी, पायांत काही नाही.

जवळ येतोय तसा लहान होतोय.

हा माझा धाकटा नव्हे. माझ्या पोराचं रूप घेऊन काहीतरी येतंय. मोठा होता तेव्हा मी खाली उतरले नाही, म्हणून आता—

१७ जून
जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवरून ताईशी बोलले. सगळं सांगून बसले, सांगायला नको होतं. ती रडायलाच लागली. म्हणाली, तो गेल्यापासून तू माझ्याकडे बघितलंच नाहीस, मीपण तुझीच आहे ना गं. खरं बोलली. जीव तुटला माझा. म्हटलं, वेडाबाई, तुझ्या बाळाला सगळ्यांच्या आधी मीच घेणार. खाली उतरणार नाही अशी शपथ घेतली. पडदा आता उघडायचा नाही.

१८ जून
डेकवरून दिसलं, जहाजाला लागून पावलं उमटलीत. अनवाणी. माझ्या तळहाताहून लहान. पहारेकरी म्हणाला, अस्वलाचं पिल्लू असेल. मग माझं लक्ष नाही असं समजून त्याने खाली उतरून ती बुटाने पुसली.

१९ जून
रडतंय. कानात कापूस घातला तरी— भुकेचं रडणं. आधी दोन हुंदके, मग लांब सूर. त्याचाच सूर. तो नाही, हेही कळतं. दोन्ही कळतं. काय करू—

२० जून
निघायचं ठरलं. इंजिन सुरू झालंय.

जहाजाच्या नाकासमोर— बर्फावर— आता रांगतही नाही. नुसतं पडलंय. उघडं. जहाज त्याच्यावर चढणार.

कप्तानाचे पाय धरले. थांबा म्हटलं. त्याने डॉक्टरला बोलावलं. गोळी दिली. थुंकले.

ताई, हा तुझा भाऊ नाही. ठाऊक आहे गं मला. पण तो गेला तेव्हा मी इथे नव्हते. आज आहे. असून, डोळ्यांदेखत, परत एकदा— नाही जमत. बाळाला मांडीवर घेशील तेव्हा रागाव माझ्यावर. खूप रागाव—

शिडी अजून वर ओढलेली नाही.

खाली आले. बोटं वळत नाहीत. वरून हाका मारताहेत. केवढंसं आहे. रडायचं थांबलं, माझ्याकडे बघतंय.

हसलं.

दात आहेत. एवढ्याशा जिवाला, तोंडभर—

असू देत. किती गार पडलंयस रे. ये, इकडे ये, आईच्या कुशी