चवथ नसलेलं वर्ष

२३ मार्च १९८६, रविवार
लाटंबार्सेच्या शाळेत दातांचं शिबिर. डॉ.ने डिचोलीहून मला बरोबर नेलं, आकाचं, माझ्या बहिणीचं, सासर तिथलं, लोक ओळखतात म्हणून. बाकं ओढून रांग. पोरं हसत येतात, रडत जातात. बायका पदर तोंडावर धरून. सगळं आयुष्य तोंड झाकायला शिकवायचं आणि एका रविवारी सांगायचं, उघडा.

डॉ. प्रत्येकाला सांगत होता, वर्षातून दोनदा तपासून घ्या, दर सहा महिन्यांनी. लोक भिंतीकडे बघत. दुपारी त्याला सुचलं. "एक फावट शिगम्याक, एक फावट चवथीक." एकदा शिमग्याला, एकदा गणेशचतुर्थीला. लगेच सगळ्यांना कळलं. एक म्हातारी मागे वळून दुसरीला समजावायला लागली. येताना गाडीत खूश होता. "सहा महिने कोण मोजता, मास्तर? सण कोण विसरता?" मी म्हटलं, वाक्य चांगलं आहे. आहेच.

आका शेवटी आली. डाव्या गालाच्या आत पांढरा डाग, मशेरीचा बोळा ठेवते तिथे. डॉ. जरा वेळ बघत राहिला. "मशेरी सोडात, बाय. आनी चवथीक डिचोलीक येयात. विसरूं नाकात." आका म्हणाली, येतां. देवळात म्हणतात तसं.

भावजी बाहेर विडी ओढत होते. रांगेत उभे राहिले नाहीत. "म्हजे दांत माका खबर आसात."

३ मे
भावजी गेले. काल, जेवणावरून उठताना. छातीवर हात ठेवला आणि बसले, तेवढंच. खाणीवर ट्रक चालवला इतकी वर्षं, धूळ खाल्ली, मरण घरात आलं.

त्यांचा धाकटा भाऊ शांताराम सगळं बघतो आहे. आकाची मुलगी सुलू तुयेहून आली, कारखान्यातून तशीच, अंगावर तिथला निळा झगा. आका भिंतीला टेकून बसलेली. मशेरीची डबी मांडीशी. कोणी काढून घेतली नाही. एवढं तरी तिला असू दे, असं सगळ्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं.

१८ मे
बारावं-तेरावं झालं. शाळा बंद, तरी डिचोलीला परतलो. आकाला म्हटलं, चार दिवस माझ्याकडे चल. शांताराम मध्येच: "वर्स जायसर ती खंय वचना, मास्तर." वर्ष होईपर्यंत ती कुठे जात नाही. ती स्वतः काही बोलली नाही. तिच्या वतीने बोलायला आता बरेच जण आहेत.

३ सप्टेंबर
डॉ.कडे. माझी सहामाही. काही नाही, नेहमीप्रमाणे. माझे दात आजोबांवर गेले आहेत. दरवेळी तो आरसा घालतो, ठोकतो, म्हणतो, उठा.

आरसा तोंडात असतानाच तो भाषेचा विषय काढतो. राज्य कोंकणीचं, शाळा कोंकणीची, तुम्ही मराठीवाले उगाच… मला उत्तर देता येत नाही, तोंड उघडं. त्याची सगळी चळवळ अशीच चालते, असं चूळ भरल्यावर म्हणालो. हसला. एकमेकांच्या सभांना आम्ही जात नाही. ही खुर्ची तेवढी उरली आहे.

निघताना: "तुमची भयण येवंक ना अजून." म्हटलं, चवथ चार दिवसांवर आहे, आका येईल.

१४ सप्टेंबर
लाटंबार्से. गावभर गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळ्या, फटाक्यांचे कागद. आकाच्या दारात काही नाही. खोलीत शांतारामच्या बायकोने दिलेली पेज, वर झाकण. लोणचं नाही, तोंडी लावायला काही नाही.

डॉक्टरकडे गेली नाहीस?
"औंदा आमची चवथ ना, बाबू."
मला आधी कळलंच नाही. मग कळलं. डॉक्टरने चवथीला बोलावलं होतं. घरात मयत झालं, वर्षभर सण नाही. सण नाही तर सणाला करायचं ते काहीच नाही. नेवऱ्या नाहीत, नवं लुगडं नाही, दात दाखवणं नाही. तिच्या हिशेबात एकही चूक नाही.

म्हटलं, तो तारीख सांगत होता, सण नव्हे. तर म्हणाली, "तुका बरें कळटा. पूण लोक कितें म्हणटले? घोव गेलो आनी ही चवथीक डिचोलीक." नवरा गेला आणि ही चवथीला बाजारगावात.
तोंड दाखव म्हटलं. दाखवलं नाही. पदर.
शिगम्याला नक्की येईन म्हणाली. मी ऐकून घेतलं.

१५ सप्टेंबर
शिक्षकखोलीत हे सांगितलं, नाव न घेता. गणिताचे सर: "दात बैलाचे बघतात, घेताना. माणसाचे कशाला? दुखला की उपटायचा." सगळे हसले. त्यांची स्वतःची कवळी खिशात असते, जेवायला तेवढी लावतात.
शिगम्यालाही त्या घरात सण नसणार. हे काल बसमध्ये लक्षात आलं. वर्ष एप्रिलमध्ये पुरं होतं, चैत्र वद्य अष्टमीला.

९ नोव्हेंबर
आका वाळली. पेज, दुधात भिजवलेला पाव. तिखट सोडलं, सुपारी सोडली. मशेरी नाही सोडली. बोलते कमी, तोंडातल्या तोंडात.

तिची जाऊ, शांतारामची बायको, अंगणात शेजारणींना सांगत होती. मुद्दाम मला ऐकू जाईल असं. "दादल्याफाटल्यान तिणें तोंडाची रूच सोडली. आतां असल्यो बायलो खंय?" नवऱ्यामागे चव सोडली, अशा बायका आता कुठे. शेजारणी माना हलवत होत्या. आका आत ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर मला, खोटं कशाला लिहू, समाधान दिसलं. इतक्या वर्षांत त्या घरात कोणी तिचं कौतुक केल्याचं आठवत नाही.

तिला म्हटलं, डॉक्टरला इथे घेऊन येतो. "नाका. वर्साच्या भितर पुरूस दोतोर म्हज्या तोंडांत हात घालपाचो?"
शांतारामला म्हटलं. "दांत खंय धांवून वतात? वर्स सरूं दी, मागीर व्हर." वर्ष सरू दे, मग ने.

२१ डिसेंबर
रस्ते बंद. झाडं आडवी, टायर जळलेले. बस नाही. कोणती भाषा राज्याची यावर माणसं मेली म्हणतात. मी सभेत बोललो होतो, पंधरवड्यामागे, माझ्या बोलण्याला टाळ्या पडल्या. आज वाण्याकडे दूध नाही, पाववाला पोदेर आला नाही. घरात बसून वह्या तपासल्या. लाटंबार्सेला जायचं होतं.

५ फेब्रुवारी १९८७
काल विधेयक झालं. राजभाषा कोंकणी. मराठीचाही वापर होईल, असं शेपूट. शाळेत कोणी कोणाशी बोललं नाही. डॉ. बाजारात समोरून आला, पेढे होते हातात. मला देऊ की नको, असं उभा राहिला. मी घेतला नाही. नंतर वाटलं, घ्यायला हवा होता, आणि आकाचं विचारायला हवं होतं. दोन्ही राहिलं.

११ मार्च
सुलू आली, थेट शाळेत, पहिल्या तासाला. तुयेहून रजा काढून आईकडे दोन दिवस राहिली होती. व्हरांड्यात उभी, पर्स छातीशी.
"मामा, तुमी सगळीं म्हणटात आई दुख्ख करता. ती दुख्ख करिना. तिका तोंड उगडूंक जायना."
मग सांगितलं. दोन बोटं आत जात नाहीत. वास येतो. उशीला रक्त. पेज व्रताची नव्हे, दुसरं काही जात नाही म्हणून. काकीला माहीत आहे, काकालाही असेल. गावात जे चांगलं नाव झालं ते मोडायला कोणी तयार नाही. आईसुद्धा नाही.

"तूं शिकिल्लो," सुलू म्हणाली. तुम्ही नव्हे, तूं. लहानपणानंतर पहिल्यांदा. बरोबर होतं.

१२ मार्च
नेलं. शांताराम दारात उभा होता. सुलू त्याला म्हणाली, "काका, कुशीक सर." तो सरला. इतकं सोपं होतं. सप्टेंबरमध्येही इतकंच सोपं असतं का, माहीत नाही.

डॉ.ने तिला खुर्चीत बसवलं. दिवा ओढला. तोंड उघडेल तेवढं उघडून बघितलं. मग दिवा बंद केला आणि हात बराच वेळ धूत राहिला. आकाने मला खुणेने विचारलं, झालं?
तिला बाहेर बसवून मला: गालातला तुकडा काढून तपासायला हवा, पणजीला. उद्याच. "मास्तर, म्हाका दिसता…"

मी त्याला विचारलं, सहा महिने हे आलं कुठून? कोणी ठरवलं?
सांगत होता, त्याच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. कोणी ठरवलं ते त्यालाही माहीत नाही. त्याला असंच शिकवलं, त्याने पुढे तसंच सांगितलं. निरोगी तोंडाला वर्षाने आलं तरी चालतं, तुमच्यासारख्याला तर दोन वर्षांनी. पण मशेरी लावणाऱ्याला, डाग असलेल्याला, तीन महिन्यांनी, दोन महिन्यांनी, डॉक्टर म्हणेल तेव्हा. तोंड बघून ठरवायचं. "पूण शिबिरांत सगळ्यांक वेगळें वेगळें कशें सांगतले?"
म्हणून सगळ्यांना एकच सांगितलं. मी दर सहा महिन्यांनी निष्ठेने गेलो, आणि मला कारण नव्हतं.
त्याला म्हणालो, वाक्य चांगलं होतं. हे मी दुखवायला म्हणालो, आणि दुखलं.

१५ मार्च
होळी. बाहेर ढोल, घुमटं वाजताहेत. आका माझ्या खोलीत. कोणाच्या दारात जायचं नव्हतं ते मोडलंच आहे, म्हणून राहिली. परवा पणजीला तुकडा काढला. तिला गालापुरती भूल दिली, ती सगळा वेळ डोळे उघडे ठेवून होती. मशेरीची डबी मी फेकली. तिने शोधली नाही, विचारलंही नाही. आज बघतो तर ओसरीवर बसून बोटाने नुसताच गाल चोळत होती, बाहेरून.

३१ मार्च
कागद आला. जे वाटलं होतं तेच. पणजीचे डॉक्टर: शस्त्रक्रिया करू, गाल आणि जबड्याचा भाग काढावा लागेल, थांबलो तर हेही करता येणार नाही. सोमवारी वीस तारखेला दाखल व्हा, बुधवारी करू. पुढची तारीख? पुढची सांगता येत नाही, रांग आहे, आणि रोग रांगेत थांबत नाही.

आकाला सगळं सांगितलं. लपवायचं नाही असं सुलूचं म्हणणं. आकाने एकच विचारलं, "बोलूंक येतलें मगे?" बोलता येईल ना. डॉक्टर म्हणाले, येईल, आधीसारखं नाही.

१२ एप्रिल
शांताराम आला. वर्षश्राद्ध एकवीसला, मंगळवारी. भटजी ठरला, लोक सांगितले. वीसला दाखल म्हणजे ती नसणार. "वर्स तिणें पाळ्ळें, आनी निमाण्या दिसाक ना? दादाक पाणी कोण दितलो, तिचे बगर?" वर्षभर पाळलं आणि शेवटच्या दिवशी नाही?
म्हटलं, पाणी तू देणार, तिने नुसतं बसायचं आहे.
"बसपाकूच जाय." बसायलाच हवी.
सुलू त्याला टाकून बोलली, मीही बोललो. आका चहात पाव भिजवत होती, चमच्याने दाबून दाबून. शेवटी म्हणाली, "तुमी दोगूय वगी रावात." आजवर तिने मला गप्प बस असं कधी म्हटलं नव्हतं.

शांताराम जाताना मला एकटं गाठून: "मास्तर, दोन दिसांन कितें जातलें?" तो वाईट माणूस नाही. हेच त्रासाचं आहे. रडत होता.

१५ एप्रिल
डॉ. संध्याकाळी घरी आला. पहिल्यांदा. भाषेचं काही काढलं नाही. आकाला म्हणाला, मी पणजीला बोलून बघितलं, तारीख हलत नाही. त्याने हात जोडले. आकाला हे आवडलं नाही. डॉक्टरने असं करू नये, असं तिचं मत असावं. त्याला बसवून चहा दिला.
तो गेल्यावर: "ताणें बरें सांगिल्लें. शिगमो आनी चवथ. माका समजलें ताणें सांगिल्लें." त्याची बाजू घेत होती, माझ्याविरुद्ध.

१९ एप्रिल, रविवार
सुलूने इस्पितळाची पिशवी भरून ठेवली. टॉवेल, पेला, जुनी मऊ लुगडी दोन. दुपारी आकाने पिशवी उघडली, एक लुगडं बाहेर काढलं, धुवून वाळत घातलं. का, म्हणून सुलूने विचारलं. घाम येतो, म्हणाली. असेलही.

तिला मी काही सांगितलेलं नाही आज. सांगून झालं आहे सगळं. तिला ठाऊक आहे काय होईल, माझ्यापेक्षा नीट, तिच्या तोंडातच आहे ते. तिला हेही ठाऊक आहे की वर्ष पुरं केलं तर त्या घरात ती कोण असेल, आणि नाही केलं तर कोण.

आता दिवेलागण. लुगडं वाळलं, तिने घडी केली. मग विचारलं, सकाळची पहिली बस किती वाजता. म्हटलं, साडेसहाला. साडेसहाला डिचोलीहून दोन बस सुटतात, एकाच फलाटावरून, एक पणजी, एक लाटंबार्से. तिने कुठली ते म्हटलं नाही. मी विचारलं नाही.