खोकला न आलेला खेळ

२ मे

चि. चिमणीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र अण्णांनी दोनदा वाचून उशाखाली ठेवलं आहे. फोनवर यायला मात्र अजून तयार नाहीत. फोनवरचं बोलणं हवेत जातं, पत्र हातात राहतं, हे त्यांचं दोन वर्षांचं पालुपद चालूच आहे. तेव्हा बाईसाहेब, लिहीत राहा.

मोठी बातमी म्हणजे ‘पहारेकरी’चा आठवा भाग येतोय. वितरकाने आम्हा टॉकीजवाल्यांना बायकापोरांसकट आधीच दाखवला. अण्णा नेहमीसारखे पडद्याकडे पाठ करून, भिंतीला टेकून, डोळे मिटून उभे. लहानपणी आपण दोघं त्यांची नक्कल करून मार खायचो, आठवतं? खेळ कंटाळवाणा झाला की माणसाला खोकला येतो आणि रंगला की आजारी माणूससुद्धा खोकायचं विसरतो, हा त्यांचा सिद्धांत. पहिल्या भागापासून सातव्यापर्यंत तो एकदाही चुकला नाही. या वेळी बाहेर येऊन म्हणाले की सबंध खेळात एक खोकला नाही, अशी शांतता जन्मात ऐकली नव्हती, पंचवीस आठवडे कुठे गेले नाहीत.

आता खरी गोष्ट. फर्निचरवाला आपली टॉकीज विकत मागतोय आणि खेळ लागायच्या आत त्याला उत्तर हवंय. वर्षभर आपलं रडतखडत चाललंय. हा खेळ चालला तर तरलो, नाहीतर कुलूपच. तुझी वहिनी म्हणते विकून मोकळे व्हा. मी अण्णांच्या कानांवर भरवसा ठेवून नाही म्हणायच्या बेतात आहे. तुमच्या ऑफिसातले ज्योतिषी काय म्हणतात?

माया आहेच, ती पत्रातून पोचती करत जा.

तुझा दादा


९ मे

ती. दादास चिमणीचा शि. सा. न. वि. वि.

ज्योतिषी म्हणून चिडवून घे, पण कुठला सिनेमा किती चालेल याच्या कुंडल्या पोटासाठी मांडते हे खरंच आहे. तर ऐक. पहारेकऱ्यावर जीव टाकणारी पोरं आता पोरांचे बाप झालीत आणि त्यांच्या पोरांना तो म्हातारा ओळखीचा नाही. आमचा अंदाज असा की शुक्रवारी रांगा लागतील आणि सोमवारी खुर्च्या रिकाम्या. आमच्याकडचा एकजण इथल्या आगाऊ खेळाला लोकांबरोबर बसून तो बघून आला. मध्यंतरानंतर हॉलभर चुळबूळ आणि खोकला होता, म्हणाला.

अण्णांविरुद्ध लिहिणं जिवावर येतं रे. त्यांचं खरं ठरो आणि आमचं सगळं ऑफिस तोंडावर पडो. पण फर्निचरवाल्याला एकदम तोडून टाकू नकोस. जरा झुलवत ठेव, मग बघू.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी पत्र लिहून रागाव.

तुझी चिमणी


४ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

मी फर्निचरवाल्याला तुझं पत्र यायच्या आधीच नाही सांगून बसलो होतो. त्याने दुसरी जागा घेतली. शुक्रवारी हाउसफुल झालं तेव्हा तुला टोमणे मारणारं पत्र मनात जुळवूनही ठेवलं होतं. सोमवारी मोजकी माणसं उरली. तुमची कुंडली जुळली.

पण मी लिहितोय ते त्यासाठी नाही. बुधवारी दुपारच्या खेळाला ऐन मारामारीत आवाज गेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या, एकाने माझ्या सात पिढ्या काढल्या. मी धावत आत गेलो, तर अण्णा भिंतीशी डोळे मिटून शांत उभे. चेहऱ्यावर समाधान. मी हात धरला तसे डोळे उघडून म्हणाले की बघ, कसा हॉल गुंगलाय, टाचणी पडली तरी ऐकू येईल.

चिमणे, अण्णांना काही म्हणता काही ऐकू येत नाही. एका घरात राहून मला कळलं नाही. समोरून बोललं की उत्तर देतात, पाठीमागून हाक मारली की वयाचं सोंग करतात, आणि मी हसण्यावारी नेलं. मला रडू आवरत नाही.

आता ते रोज विचारतात की माझा खोकला चुकला कुठे, चिमणीला विचार. मी त्यांना बहिरे म्हणू की चुकले म्हणू? दोन्हींत त्यांचं काहीतरी कायमचं जाणार. तूच काय ते लिही.

दादा


१० जून

ती. अण्णांस चिमणीचा शि. सा. न. वि. वि.

दादाने कळवलं की तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. अण्णा, तुमचा अंदाज बरोबर होता. खेळ चांगलाच आहे, ऑफिसातही सगळे तेच म्हणतात. लोकांचीच आवड बिघडलीय, त्याला तुम्ही काय करणार? तुमच्यासारखा कान आमच्याकडे कुणाला नाही.

औषधं वेळेवर घ्या. टॉकीज बंद झाली तरी तुमचा दरारा चालू ठेवा, नाहीतर दादा डोक्यावर बसेल.

तुमचीच चिमणी


१७ जून

चि. चिमणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बेटा, जन्मभर मी लोकांच्या जिवावर टॉकीज चालवली. लोकांची आवड बिघडली असं मी कधी म्हणालो नाही, तूही म्हणू नकोस.

दादा हल्ली मला पाठीमागून हाक मारत नाही. वळसा घालून पुढे येतो, तोंड दिसेल असा उभा राहतो आणि मग बोलतो. तेव्हाच ओळखलं की त्याला कळलंय. टॉकीजचं गिऱ्हाईक हातचं घालवलंत म्हणून तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडलेलं मला दिसतं.

कान गेल्याचं मला माहीत होतं. पण वाटायचं, कानांची शांतता वेगळी आणि रंगलेल्या हॉलची वेगळी. इतकी वर्षं त्या हॉलमध्ये उभा राहिलो, दोन्हींतला फरक मला कळेलच. त्या दिवशी मला खरंच वाटलं की सगळे श्वास रोखून बसलेत.

काल शेवटचा खेळ झाला. दादाने माझ्या हाताने दार लावून घेतलं. तो काहीतरी म्हणाला, पण तोंड फिरवून म्हणाला, गाल तेवढा हलताना दिसला. मी विचारलं नाही.

मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. त्याला मला सांभाळू दे. तू मात्र पत्र लिहीत जा, भरपूर लिही, भांडण लिही. तुझा आवाज मला आता तेवढ्यातूनच येतो.

तुझे अण्णा