वॉर्डनबाईची खुर्ची

पाचगणी

ती. मायले रंजिताचा दंडवत.

हे पत्र चष्मा लावून तूच वाचजो, दादाले वाचाले देऊ नको.

मी बरी आहो. थंडी लय आहे, पण तुही गोधडी पुरते. या निवासी शाळेत पोरीयच्या सुखदुःखाकडं पाह्यनं आता माह्यंच काम झालं.

इथं पोरी रविवारी घरी फोन करतेत. साऱ्या एकच म्हणत, "मजेत आहे." मले शंका आली. पाह्यलं तं वॉर्डनबाई बाजूलेच खुर्ची टाकून बसे. या रविवारी तिले बाहेर पाठवलं. पह्यलीच पोरगी "आई" म्हणाली अन् रडाले लागली.

तवापासून तुह्या फोनचा इचार करून राह्यली. काऊन नेहमी स्पीकर चालू असते? तू बोलाच्या आधी दादा काऊन खाकरते? पह्यले तू वहिनीच्या भाजीले नावं ठेवत होती, आता तेही बंद.

वांगे घेऊन आंजीच्या बाजारात जाशील, तवा कुसुमकाकूच्या फोनवरून लावजो. वहिनीले पोटभर नावं ठेवजो. गुडघा कसा आहे तेही सांगजो.

पण "मजेत आहो" म्हणशील, तं मी त्याच दिवशी गाडीत बसली समज.

तुही,
रंजी